वेंडेलाचं सगळं चालेल मला

२ सप्टेंबर

पोचले एकदाची! तोंगविक नकाशावर शोधलं तेव्हा वाटलं होतं, हा गावाचा ठिपका आहे की माशीने केलेला डाग. प्रत्यक्षात गाव मोठं गोड निघालं. पिवळी घरं, बंदरात शिडाच्या होड्या आणि समुद्रात खांबांवर उभं केलेलं जुनं लाकडी स्नानघर, डावीकडे बायकांचं, उजवीकडे पुरुषांचं. घटस्फोट, नवी नोकरी आणि नवं गाव, तिन्ही मी एकाच वर्षात उरकले. माझी धाकटी बहीण दीसा स्वतःला थोरली समजते. ती फोनवर म्हणाली, "इल्वा, तू एकदा सुटलीस की कुणाच्या बापाचं ऐकत नाहीस."

बार्ब्रोच्या घराचा वरचा मजला भाड्याने घेतलाय. बार्ब्रो सत्तरीच्या पुढची आहे, पण काटक. स्नानघराच्या किल्ल्या तिच्याकडे असतात, सॉनाची, म्हणजे वाफेच्या खोलीची भट्टीही तीच पेटवते. वरच्या मजल्यावर तिच्या मुलीचं, वेंडेलाचं सामान जसंच्या तसं आहे. वेंडेला गेल्या फेब्रुवारीत स्नानघराच्या शिडीवरून पाण्यात उतरली ती परत वर आली नाही. माझी नोकरीसुद्धा आधी तिचीच होती. बार्ब्रोने हे सगळं कॉफी ओतता ओतता सांगितलं, आणि मग विचारलं, की तुला अवघडल्यासारखं होत असेल तर सामान हलवू का.

मी म्हटलं, मुळीच नको. मी आयुष्यभर वापरलेल्या वस्तूच वापरत आले, नव्या कोऱ्या वस्तूला मला कसलातरी वास येतो. वेंडेलाचं सगळं चालेल मला. पलंग, कप, सायकल, झगा, सगळं. म्हातारीचे डोळे भरून आले. तिने माझा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडलाच नाही.

५ सप्टेंबर

गावाचं एक मला फार आवडलं, इथे कुणी काही टाकून देत नाही. चर्चच्या तळघरात जुन्या वस्तूंचं दुकान आहे आणि शनिवारी तिथे बेकरीपेक्षा मोठी रांग लागते म्हणे. क्लिनिकचा दरवाजा म्हणे मोडलेल्या शाळेचा आहे.

क्लिनिक छोटं आहे, पूर्वी तिथे शिडं शिवायचे. सर्जन सिग्ब्रित पन्नाशीची, शांत, हाताची नखं अगदी मुळापर्यंत कापलेली. ती बायकांच्या छातीचीच कामं करते, सिलिकॉन घालून छाती भरण्याची. माझं काम म्हणजे शस्त्रक्रियेनंतर बायकांना फोन करायचे आणि त्यांचे घ्यायचे. सूज किती दिवस राहील, हात खांद्याच्या वर कधी न्यायचे, पाठीवरच का झोपायचं. ताठरपणा? अपेक्षितच आहे. बधिरपणा? अपेक्षितच आहे. एक बाजू वर, एक खाली? अपेक्षितच आहे, खाली बसायला महिने लागतात. दिवसभर हेच म्हणते. घरी आल्यावर बार्ब्रोने विचारलं, सूप थोडं खारट झालंय का, तर तोंडातून निघून गेलं, अपेक्षितच आहे. दोघी पोट धरधरून हसलो.

८ सप्टेंबर

आज स्नानघरात गेले. वेंडेलाचा जाड पांढरा झगा, वेंडेलाची खुंटी. आत सगळ्या उघड्याच असतात, आणि उघड्या बाईकडे बघायचं नाही, तिच्या अंगाबद्दल अवाक्षर काढायचं नाही, हा नियम. कुठे लिहिलेला नाही, पण मी लहानपणापासून पाळत आलेय. हवापाणी बोलायचं, होड्यांबद्दल बोलायचं, नाहीतर गप्प बसून खिडकीतून समुद्र बघायचा.

न बघताही दिसतंच. बाकांवरच्या बऱ्याच जणी सिग्ब्रितच्या हाताखालून गेलेल्या. काम सुरेख आहे. बेकरीवाली कायसा वरच्या बाकावर बसल्या बसल्या घोरत होती, ती रोज दुपारी अशीच झोपते म्हणे. पाण्यातून आलेल्या काही जणी छातीवर हात धरून कितीतरी वेळ भट्टीजवळ बसतात. ह्यात नवल नाही, सिलिकॉन थंडी धरून ठेवतं. अंग तापलं तरी ते मागाहून तापतं. आम्हीच फोनवर सांगतो.

मला मात्र झाकायला काही नाही आणि दाखवायलाही काही नाही.

१९ सप्टेंबर

ही वही दुसरं कुणी वाचणार नाही, तेव्हा सरळ लिहिते. शाळेत मला इस्त्रीची फळी म्हणायचे. दीसाला देवाने भरभरून दिलं. ती अजून म्हणते, "तुझा वाटा मीच खाल्ला गं, माफ कर." नवरा ह्या विषयावर अठरा वर्षांत एक शब्द बोलला नाही. वाईट नाही बोलला, चांगलं नाही बोलला. मला हव्या असलेल्या गोष्टी फार लहान आहेत. खाली वाकताना कपड्याचा गळा एका हाताने धरून वाकावं लागू नये. उन्हाळी कपडा खांद्यावरून लोंबू नये. एकदा आरशासमोरून जाताना चाल हळू व्हावी.

कुणाला खूष करायला नाही, हे मी स्वतःला परत परत विचारून पाहिलं. खरंच नाही. माझं मलाच हवंय.

२६ सप्टेंबर

गुरुवार, म्हणजे बार्ब्रोकडे वाटाण्याचं सूप आणि वर पॅनकेक. मनातलं तिला सांगितलं. ती चमचा खाली ठेवून माझ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, सिग्ब्रितशी बोल, तिचा हात हलका आहे. आणि मग अगदी हळू, की वेंडेलानेही करून घेतलं होतं.

दीसाला फोन केला. ती म्हणाली, करायचं तर कर, छाती तुझी, जीव तुझा. पण ह्या वयात सुरी लावून घ्यायची तर मोठ्या इस्पितळात लाव, त्या मासेमारांच्या गावात कशाला? मी म्हटलं, सिग्ब्रितचं काम मी रोज बघते. ती म्हणाली, "काम बघतेस, बाई बघितलीस का?"

३ ऑक्टोबर

सिग्ब्रितसमोर आज सहकारी म्हणून नाही, पेशंट म्हणून बसले. तिने काहीही लपवलं नाही. हे जन्मभराचं नसतं, दहापंधरा वर्षांनी बदलावं लागू शकतं. शरीर त्याभोवती स्वतःचं कवच विणतं, ते कधी आवळतं. बोंडांची जाणीव जाऊ शकते. क्वचित आजारही होतात आणि मग काढावं लागतं. नमुने माझ्या तळहातावर ठेवले, पारदर्शक, जड, मासळीसारखे गार.

बोलता बोलता तिने विचारलं, की आधी दुसऱ्या कुणाची असलेली वस्तू वापरताना तुला किळस येते का, नवंच हवं असा आग्रह आहे का. मला हसू आलं. वाटलं, बार्ब्रोने माझ्या खोलीतल्या सामानाबद्दल सांगितलेलं दिसतंय. म्हटलं, मी जन्मात नवं काही घेतलेलं नाही, आणि वेंडेलाच्या वस्तूंनी माझं उत्तम चाललंय. सिग्ब्रित हसली नाही. तिने मान डोलावली आणि म्हणाली, आता कायद्याप्रमाणे आठवडाभर विचार कर, घाई नको.

६ ऑक्टोबर

विचाराचा आठवडा. आज सॉनात मी नियम मोडला. ज्यांनी करून घेतलंय त्यांना उघडच विचारलं, मी करू का? पस्तावलात का?

एक बाई खिडकीतून बाहेर बघायला लागली. कायसा उठली आणि तापलेल्या दगडांवर पाणी ओतलं, गरज नसताना. शेवटी कुणीतरी म्हणालं, ज्याचा त्याचा प्रश्न. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बार्ब्रो तेवढी जवळ सरकली आणि माझ्या सपाट छातीवर तळवा ठेवून म्हणाली, "किती ऊबदार आहेस गं पोरी. भट्टीच आहेस नुसती."

करायचं ठरवलं.

२५ ऑक्टोबर

झालं! काल झालं. पट्ट्यांच्या आत काय आहे ते अजून दिसत नाही, पण खाली पाहिलं की पाय दिसत नाहीत. दुखतंय, दडपण आहे, कुणी पाठीवरची पिशवी पुढे बांधावी तसं. सगळं अपेक्षितच. बसून झोपले. बार्ब्रोने केस विंचरून दिले कारण माझे हात वर जात नाहीत. वेलदोड्याचे पाव आणले आणि स्वतः तुकडे करून भरवले. सख्खी आई असती तरी एवढं केलं नसतं. आमची आई गेली तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते, असं कुणी करण्याची सवयच राहिलेली नाही. गहिवरून आलं.

३१ ऑक्टोबर

पट्ट्या बदलल्या. आरशात पाहिलं आणि रडले, आनंदाने. सुजलेलं, निळंजांभळं, तरीही माझं.

थोडी थंडी वाजते. फक्त तिथेच.

१० नोव्हेंबर

आज इथल्या सणाची हंसाची मेजवानी. आधी हंसाच्या रक्ताचं काळं सूप, मग सफरचंदं भरलेला हंस. मला घास जाईना. छाती आतून गार आहे. डावी जास्त. बाहेरची कातडी गरम, आणि आत कुणी ओला दगड ठेवल्यासारखं. कातडी बधिर असली की थंड भासते, हे मी शंभर जणींना सांगितलंय, तेच स्वतःला सांगितलं.

जेवण झाल्यावर बार्ब्रोने गरम पाण्याची पिशवी आणली. माझ्या छातीवर ठेवली, वर लोकरीची शाल गुंडाळली आणि म्हणाली, "आता बरं वाटेल हं, माझ्या बाळा." बोलताना ती माझ्या चेहऱ्याकडे बघत नव्हती.

१६ नोव्हेंबर

डाव्या बाजूला खालच्या अंगाला एक घडी लागते, अंगठ्याएवढी. सिग्ब्रितने बोटाने चाचपली. म्हणाली, अशी सुरकुती पडते कधीकधी, अपेक्षितच आहे. मी जागा दाखवायच्या आधीच तिचं बोट तिथे गेलं होतं.

अजून पाण्यात उतरायची परवानगी नाही, सॉनाचीही नाही. दिवसभर समुद्र डोळ्यांसमोर येतो म्हणून नुसती सॉनाच्या दारात जाऊन उभी राहिले, झगा उघडा टाकून. सगळ्या जणींनी पाहिलं. ह्या बायका, ज्या कधीच बघत नाहीत, त्यांनी पाहिलं. डाव्या बाजूकडे, त्या घडीकडे. मग काही न बोलता सरकल्या आणि खिडकीजवळ एक जागा रिकामी केली. त्यांतली एक म्हातारी तोंडावर रुमाल धरून रडायला लागली. मी विचारलं काय झालं. ती म्हणाली, आज वारा फार सुटलाय.

२१ नोव्हेंबर

सायकलने कामावर निघाले आणि बंदरावर पोचले. विचारात असेन. उतरून परत फिरले. दुपारी कॉफीच्या सुट्टीत दोन मिनिटं बाहेर पडले, हवा घ्यायला. भानावर आले तेव्हा स्नानघराच्या शिडीवर होते, बूट घालून, गुडघ्यांपर्यंत पाण्यात.

खरं भयंकर हे नाही. भयंकर हे, की तेवढा वेळ थंडी थांबली होती. चार आठवड्यांत पहिल्यांदा आत आणि बाहेर सारखं वाटलं. एवढं बरं वाटलं की मी हुंदके देऊन रडले.

कायसाने बेकरीच्या दारातून पाहिलं होतं. धावत आली, हाताला धरून ओढत नेलं, भट्टीजवळ बसवलं. काहीतरी बोलणार होती. मग तिने मला पाव बांधून दिला.

२८ नोव्हेंबर

लिहायलाच हवं, नाहीतर उद्या मला हे स्वप्न वाटेल.

वाटाण्याचं सूप. बार्ब्रोला म्हटलं, हे काढून टाकायचं मनात आहे. तिच्या हातातून पळी पडली. म्हणाली, "असं नको गं करू. आता कुठे ती उबेला आलीय."

कोण, विचारलं.

तिला वाटत होतं मला ठाऊक आहे. खरंच वाटत होतं, तिचा चेहरा खोटा नव्हता. म्हणाली, तूच तर म्हणालीस पहिल्या दिवशी, वेंडेलाचं सगळं चालेल. सिग्ब्रितलाही तेच म्हणालीस. वेंडेला सापडली तेव्हा तिचं तोंड ओळखू येत नव्हतं. ती डावीकडची घडी तेवढी होती, तिच्यावरूनच ओळखली. जाळलं असतं तर वितळून गेलं असतं सगळं. मी सिग्ब्रितचे पाय धरले, म्हटलं माझ्या लेकीचं एवढं तरी राहू दे, वाया नको घालवूस. तिने स्वच्छ करून ठेवलं. आणि मग तू आलीस, अशी ऊबदार.

मी ओरडले असेन. तिने मला शांत करायला, समजावणीच्या सुरात सांगितलं, की इथे पुष्कळांचं तसंच आहे. कायसाला तिच्या आत्याचे आहेत. आत्या झोपेत गेली, म्हणून कायसाला काही त्रास नाही, दुपारी डोळा लागतो एवढंच.

मग वेंडेलाला कुणाचे होते?

बार्ब्रोने पडलेली पळी उचलून पुसली. मग सांगितलं. एका होडीवाल्याची बायको. तीही पाण्यातच गेली होती. हे सॉनात सगळ्यांना माहीत होतं. वेंडेलाला कुणी सांगितलं नाही. एकीनेही नाही. दुसरीच्या अंगाबद्दल बोलायचं नसतं.

आणि मला तू सांगितलंस का, असं मी विचारलं. ती रडत म्हणाली, "ती फार गारठली होती गं. दुसरं कोण तिला घेणार होतं?"

मला तिचा राग यायला हवा. येतोही. पण ती रडत होती तेव्हा माझा हात आपणहून तिच्या केसांवरून फिरत होता.

२ डिसेंबर

सिग्ब्रितला जाब विचारला, तर ती शांत. म्हणाली, तुला विचारलं होतं, तू हो म्हणालीस, आठवडाभर विचारही केलास. निर्जंतुक केलंय, वैद्यकीय दृष्ट्या उत्तम आहे. तक्रार करायची असेल तर कर, तुझा हक्क आहे, कुठे करायची तेही सांगते. काढायचं तर सहा महिने थांब, खाली बसू दे. थंडीचं विचारलं.

अपेक्षितच आहे, म्हणाली.

सहा महिने! फेब्रुवारीसुद्धा दिसणार नाही मला.

५ डिसेंबर

दीसाला सगळं सांगितलं. तिने थट्टा केली नाही, तेव्हा कळलं की माझा आवाज कसा येत असेल. तिच्या गावच्या इस्पितळातली एक सर्जन तयार आहे, १४ तारखेला, शनिवारी काढणार. दीसा आदल्या दिवशी, शुक्रवारी गाडी घेऊन येतेय. तिने शपथ घातली, तोवर घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. दार लावून घे, गादीत शीर, मला दर तासाला फोन कर.

शुक्रवारपर्यंत. एवढंच जमवायचंय. पाण्यापासून लांब राहायचं, बस.

९ डिसेंबर

घराचं दार लावलं. किल्ली बार्ब्रोकडे दिली, तिला म्हटलं, मी मागितली तरी देऊ नकोस. ह्या एका गोष्टीत आमचं दोघींचं पटतं. मी पाण्यात जाऊ नये असं तिलाही वाटतं, माझ्याइतकंच. पिशव्या भरभरून आणते. शाली. गरम दूध. जिन्यात बसून राहते.

कशाने काही गरम होत नाही. अंग भाजतंय, कातडीवर फोड आलेत पिशवीचे. आत तसंच.

खिडकीतून शिडी दिसते. खिडकीला पाठ करून लिहितेय.

११ डिसेंबर

दीसाचा फोन आला. कुणीतरी बाई, फार काळजीने बोलत होती, इल्वा इल्वा म्हणत. मी म्हटलं, आहे, ठीक आहे. फोन ठेवल्यावर आठवलं की दीसा —

डाव्या हाताने लिहितेय. मी डावरी नाही. वेंडेला होती का, बार्ब्रोला विचारलं नाही. विचारणार नाही.

१२ डिसेंबर

उद्या. उद्या. दीसा म्हणाली, तिकडे बर्फ पडतोय, पण पहाटेच निघते. माझं नाव इल्वा. माझी बहीण दीसा. शाळेत मला इस्त्रीची फळी म्हणायचे, मला परत ती फळी हवी, देवा, मला ती परत —

सगळं परत करायचं ठरवलंय. जाताना तिचं काही सोबत नको. कप धुऊन ठेवले. सायकल खाली लावली. पलंगाची चादर घडी केली. झगा राहिला.

१३ डिसेंबर

आज दिव्यांचा सण. सकाळी पोरी डोक्यावर मेणबत्त्या लावून गात रस्त्यावरून गेल्या, पांढरे झगे. बार्ब्रो बघायला दारात आली. दार उघडं —

दीसा वाटेत आहे. बर्फात रस्ता बंद. तासभर, म्हणाली. तासभरच काढायचा.

झगा परत स्नानघरातल्या खुंटीला लावायला आले. एवढंच. दुसऱ्याची वस्तू जागच्या जागी ठेवावी, नाही का. खुंटीला लावला. आता निघायचं.

स्नानघराच्या कोपऱ्यातल्या खोलीत बसून लिहितेय. वही कोरडी राहावी म्हणून बाकावर. केस ओले आहेत. म्हणजे एकदा जाऊन आले असेन. मुळीच गार नाही पाणी. कोण म्हणतं गार आहे. दोन्हीकडे सारखं. थंडी थांबली, पूर्ण थांबली, किती दिवसांनी.

फोन वाजतोय झग्याच्या खिशात. ती बाई असेल.

कायसा आलीय, सगळ्याच आल्यात, ओळीने उभ्या. बघत नाहीत. समुद्राकडे बघतायत. एक म्हणाली, आज वारा पडलाय.

फक्त आई बघतेय. झगा दोन्ही हातांनी उघडून धरलाय, मी लहान असताना धरायची तसा, आणि ओरडतेय, ये, आत ये गं, गारठशील. इतकं काय घाबरायचं. तिला म्हटलं, आई, एवढं एकदाच, लगेच वर येते, तू झगा धरून ठेव, मी अशी गेले आणि अशी —